संवादांची अवतरणचिन्हे तपासून देणारी सेवा : तीन महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतील संवादांची अवतरणचिन्हे आणि त्यांच्या आगेमागे येणारी विरामचिन्हे तपासून देणारी एक ऑनलाइन सेवा गेले तीन महिने मी वापरते आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही. याच धर्तीच्या आणखी दोन सेवा मी थोड्या थोड्या वापरून पाहिल्या आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते कमीअधिक प्रमाणात त्या सगळ्यांनाच लागू पडतात, तेव्हा एकीलाच धारेवर धरण्यात अर्थ नाही.

माझे काम मराठी कथांच्या इंग्रजी अनुवादाचे. हाती असलेल्या संग्रहात नऊ कथा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बोलण्यातूनच पुढे सरकणाऱ्या आहेत. पहिल्या कथेचा अनुवाद संपादिकेकडून तपासून आला तेव्हा पानोपानी खुणा होत्या. शब्दांवर थोड्या, चिन्हांवर फार. एका पानावर तर 14 दुरुस्त्या होत्या आणि त्यांतल्या 12 एकाच प्रकारच्या. बोलणे संपले की पूर्णविराम द्यायचा, अवतरण मिटवायचे आणि मग ‘असे ती म्हणाली’ लिहायचे, ही मराठीत सहज चालून जाणारी सवय मी इंग्रजीत जशीच्या तशी नेली होती. उरलेल्या आठ कथा संपादिकेकडे त्याच अवस्थेत पाठवणे मला लाजिरवाणे वाटले, म्हणून ही सेवा घेतली.

पुढची इंग्रजी उदाहरणे मी देवनागरीत लिहिली आहेत. चिन्हे मात्र इंग्रजीच्या नियमांप्रमाणे ठेवली आहेत, आणि कॅपिटल अक्षराचा मुद्दा जिथे येतो तिथे तो शब्दांत सांगितला आहे.

सेवेची रचना साधी आहे. संहिता चढवायची, अमेरिकन किंवा ब्रिटिश यांपैकी एक पद्धत निवडायची आणि थोडा वेळ थांबायचे. संशयास्पद जागा अधोरेखित होऊन येतात, समासात सुचवलेली दुरुस्ती आणि तिचे दोन ओळींचे कारण असते, आणि प्रत्येक सूचना एकेक करून स्वीकारता किंवा नाकारता येते. सगळ्या सूचना एका फटक्यात स्वीकारण्याचे एक मोठे, ठळक बटणही आहे. त्याच्याविषयी पुढे बोलेन.

आधी जिथे ही सेवा पुरेपूर उपयोगी पडली ते सांगते. उघडलेले अवतरण मिटलेच नाही, मिटलेले पुन्हा एकदा मिटले, एका संभाषणात सरळ चिन्हे आणि दुसऱ्यात वक्र चिन्हे आली, अशा चुका माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण डोळा चिन्हावर न थांबता बोलण्याच्या मागे धावतो. या सेवेने अशी एकही जागा सोडली नाही असे मी निर्धास्तपणे म्हणू शकते. सरळ आणि वक्र चिन्हांचा घोळ मुळात टंकलेखन यंत्राने करून ठेवलेला आहे. कळा वाचवण्यासाठी तिथे उघडण्याचे आणि मिटण्याचे चिन्ह एकच केले गेले, आणि तीच सरळ चिन्हे पुढे संगणकाच्या कळफलकावर आली. छापील पुस्तकाला मात्र वक्र जोडीच लागते. त्यामुळे लेखनप्रणाली आपण दाबलेल्या सरळ चिन्हाच्या मागे-पुढे काय आहे ते पाहून उघडणारे की मिटणारे याचा अंदाज बांधते आणि पुष्कळदा चुकते. विशेषतः डॅशनंतर लगेच अवतरण मिटवायचे असेल तर हमखास उलटे, म्हणजे उघडणारे चिन्ह पडते. “आय ओन्ली वॉन्टेड टू—” असे मध्येच तुटलेले वाक्य माझ्या पाचव्या कथेत सात वेळा येते. त्या सातही ठिकाणी शेवटचे चिन्ह वाकडे पडले होते आणि दोनदा वाचूनही मला ते दिसले नव्हते. एवढ्या एका कामासाठीसुद्धा मी या सेवेची आभारी आहे.

माझ्या 12 दुरुस्त्यांची जी मूळ चूक, तीही ती नीट पकडते. “आय अ‍ॅम टायर्ड.” शी सेड. असे लिहिले की टायर्डनंतरचा पूर्णविराम काढून स्वल्पविराम घालायचा, तो अवतरणाच्या आतच ठेवायचा आणि शीचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तर लहान करायचे, असे ती सुचवते, आणि कारणही योग्य देते: ‘शी सेड’ हे स्वतंत्र वाक्य नाही, आधीचे बोलणे हे त्याचे कर्म आहे, तेव्हा दोन्ही मिळून एकच वाक्य होते. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आले तर स्वल्पविराम लागत नाही, पण वाक्य तरीही एकच राहते. म्हणून “आर यू कमिंग?” शी आस्क्ड, या वाक्यातही शीचे पहिले अक्षर लहानच हवे. आपल्या लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्यामुळे ही चूक मराठी डोळ्याला खुपत नाही, आणि काही लेखनप्रणाली प्रश्नचिन्ह दिसताच पुढचे अक्षर आपणहून मोठे करतात, त्यामुळे निगुतीने लिहिणाऱ्याच्या हातूनही ती होते. सेवेने अशा सगळ्या जागा दाखवल्या.

इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. अडचण सुरू होते ती बोलण्यानंतरच्या वाक्यात बोलणे नसून एखादी कृती असते तेव्हा. “आय अ‍ॅम टायर्ड.” शी सॅट डाउन. इथे टायर्डनंतर पूर्णविरामच हवा आणि शी कॅपिटलनेच सुरू व्हायला हवे, कारण बसण्याच्या क्रियेने कोणी बोलत नाही; ती दोन वेगळी वाक्ये आहेत. कथालेखनात या रचनेचे मोल मोठे आहे. ‘ती म्हणाली, तो म्हणाला’ अशी रांग न लावता कोण बोलले ते कृतीवरून कळते, आणि बोलण्यातला थांबाही दिसतो. माझ्या अनुवादात अशा जागा पुष्कळ आहेत, कारण मूळ लेखकाचीच ती लकब आहे.

सेवेकडे बोलण्याच्या क्रियापदांची एक यादी असावी, असे तिच्या वागण्यावरून दिसते. सेड, आस्क्ड, रिप्लाइड, व्हिस्पर्ड, शाउटेड ही क्रियापदे दिसली की स्वल्पविराम. सॅट, स्टूड, ओपन्ड दिसली की पूर्णविराम. हे बहुतेक ठिकाणी जुळून येते. पण इंग्रजीत अशी कितीतरी क्रियापदे आहेत जी एका वाक्यात बोलतात आणि दुसऱ्या वाक्यात चालतात. हे नेमके कुठे बिघडते ते पाहण्यासाठी मी मुद्दाम चाळीसेक वाक्यांचे एक चाचणीपान तयार केले, आणि त्यातल्या तीन वाक्यांनी सेवेचे पितळ उघडे पाडले.

पहिले वाक्य: “आय नो द वे.” ही कंटिन्यूड डाउन द रोड. इथे तो रस्त्याने पुढे चालत राहिला आहे. कंटिन्यूड हे क्रियापद ‘पुढे बोलू लागला’ या अर्थानेही येते, एवढ्यावरून सेवेने पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम आणि कॅपिटलच्या जागी लहान अक्षर सुचवले. दुरुस्ती स्वीकारली असती तर तो माणूस रस्त्यावरून बोलत घरंगळत गेला असता. दुसरे: “आय फरगॉट द की.” ही रिटर्न्ड टू द हाउस. रिटर्न्ड म्हणजे परत गेला आणि रिटर्न्ड म्हणजे उत्तर दिले. सेवेने दुसरा अर्थ धरला, जणू तो घरालाच उत्तर देत होता. तिसरे: “देअर इज नो वन हिअर.” शी कॉल्ड हर सिस्टर. तिने बहिणीला फोन लावला. सेवेच्या मते ते वाक्य ती ओरडून बोलली. तिन्ही ठिकाणी अवतरणाच्या आतल्या शब्दांत काहीच बदललेले नाही; एक टिंब जाऊन एक स्वल्पविराम आला आणि गोष्टीतली माणसे दुसरेच काही करू लागली. वाक्याच्या पुढच्या चार शब्दांकडे पाहिले तर कोणत्याही वाचकाला हे कळते. सेवा मात्र क्रियापदापाशीच थांबते.

याच्या उलट बाजूची चूकही होते. “यू आर लेट,” शी स्माइल्ड. हे वाक्य तिने निमूटपणे पास केले. हसण्यातून शब्द उमटत नाहीत, म्हणून चोखंदळ संपादक इथे पूर्णविराम घालून स्मितहास्याचे वाक्य वेगळे करतात, किंवा ‘शी सेड, स्मायलिंग’ असे लिहायला सांगतात. उसासा टाकण्याच्या क्रियापदाविषयी मतभेद आहेत, कारण उसाशाबरोबर एखादा शब्द बाहेर पडू शकतो. पण मान डोलावण्याने किंवा खांदे उडवण्याने वाक्य बोलता येत नाही याबद्दल दुमत असू नये. सेवेने मान डोलावण्याचे वाक्य पकडले आणि हसण्याचे सोडले. यामागे काही सूत्र असेल तर ते मला सापडले नाही.

बोलणे मध्ये तोडून लिहिलेल्या वाक्यांचा अनुभव संमिश्र आहे. “इफ यू गो,” ही सेड, “टेक द की.” इथे बोलणे एकच वाक्य आहे, म्हणून सेडनंतर स्वल्पविराम आणि टेकचे पहिले अक्षर लहान. “आय अ‍ॅम लीव्हिंग,” ही सेड. “डू नॉट वेट.” इथे बोलणे दोन वाक्यांचे आहे, म्हणून सेडनंतर पूर्णविराम आणि पुढे कॅपिटल. हे दोन्ही प्रकार सेवेला बिनचूक येतात, जोवर लेखकाने दोन्ही टोके बरोबर लिहिली आहेत तोवर. पण “आय न्यू हिम,” शी सेड, “ही वॉज माय नेबर.” हे वाक्य तिने हिरव्या खुणेने मान्य केले. मधले ‘शी सेड’ उचलून बाजूला ठेवले तर उरते ‘आय न्यू हिम, ही वॉज माय नेबर’, म्हणजे दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली, आणि इंग्रजी संपादकाला ती खपत नाहीत. मधला भाग उचलून पाहण्याची ही युक्ती मी संपादिकेकडून शिकले. माझ्या समजुतीप्रमाणे ती एखाद्या यंत्राला शिकवणे अवघड नसावे.

कृतीने बोलणे मध्येच तुटते तेव्हा डॅश वापरतात, आणि डॅशची जागा अर्थावर ठरते. “द की”—ही हेल्ड इट अप—“इज माइन.” इथे बोलणारा थांबलेला नाही, निवेदकाने मध्ये कृती घुसवली आहे, म्हणून दोन्ही डॅश अवतरणांच्या बाहेर. बोलणाऱ्याचेच वाक्य तुटले तर डॅश आत, आणि आवाज विरत गेला तर तीन टिंबे, तीही आत. सेवेने सगळे डॅश सरसकट आत ढकलले. अशा सूचना मी डोळे मिटून नाकारत गेले.

आता ब्रिटिश पद्धतीविषयी, कारण माझा सर्वांत मोठा आक्षेप तिथे आहे. आपल्या शालेय व्याकरणात दुहेरी आणि एकेरी अवतरणांची कामे वाटून दिलेली असतात: कोणाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. इंग्रजीत तशी वाटणी नाही. अमेरिकन पुस्तकांत संवादाला दुहेरी आणि संवादाच्या पोटातल्या संवादाला एकेरी, तर पुष्कळशा ब्रिटिश पुस्तकांत याच्या बरोबर उलटे. कोणती पद्धत घ्यायची ते प्रकाशक ठरवतो, आणि एकदा घेतली की शेवटच्या पानापर्यंत तीच. आमच्या प्रकाशकाला ब्रिटिश पद्धत हवी होती. मी सगळे दुहेरीत लिहिले होते, म्हणून सेवेतला ‘ब्रिटिश’ पर्याय निवडला आणि तिसरी कथा चढवली.

एकेरी अवतरणाची मूळ अडचण अशी की मिटणारे एकेरी चिन्ह आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी (गाळलेले अक्षर किंवा मालकी दाखवणारे चिन्ह) ही दिसायला एकच आहेत, आणि युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरच्या अक्षरचिन्हांच्या प्रमाण यादीतही, दोन्ही कामांसाठी तेच एक चिन्ह वापरण्याचा प्रघात आहे. शब्दाच्या पोटातली अ‍ॅपॉस्ट्रॉफी ओळखणे सोपे, कारण तिच्या दोन्ही बाजूंना अक्षरे असतात. पण अनेकवचनी नामाच्या मालकीची अ‍ॅपॉस्ट्रॉफी शब्दाच्या शेवटी येते आणि तिच्यापुढे मोकळी जागा असते. माझ्या कथेत एक वाक्य होते: ‘दॅट इज द सिस्टर्स’ रूम,’ ही सेड. खोली दोघी बहिणींची. सेवेला वाटले की सिस्टर्सपाशी बोलणे संपले. मग रूमनंतरचे चिन्ह तिने उघडणारे ठरवले, ‘ही सेड’ संवादात गेले, त्यापुढचे निवेदन संवाद झाले आणि पुढच्या माणसाचे बोलणे निवेदन झाले. परिच्छेद संपेपर्यंत आतले बाहेर आणि बाहेरचे आत अशी उलथापालथ चालली होती. त्या एका परिच्छेदावर अकरा सूचना आल्या आणि अकराही चुकीच्या. शब्दाच्या आरंभीची अ‍ॅपॉस्ट्रॉफी, जी बोलीभाषेत आद्याक्षर गिळल्यावर येते, तिथे तर तिने उघडणारे चिन्हच बसवले, तेही वळण उलटे करून.

हे एक वेळ क्षम्य मानते, कारण ही अडचण खरोखर अवघड आहे आणि अनेक लेखनप्रणाली तिथे अडखळतात. पुढची चूक मात्र अज्ञानाची आहे. सेवेची समासातली टीप म्हणते की ब्रिटिश पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम नेहमी अवतरणाच्या बाहेर असतात. असा नियम नाही. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम मिटणाऱ्या अवतरणाच्या आत जातात, मग ते उद्धृत मजकुराचे असोत वा नसोत. अर्धविराम आणि अपूर्णविराम बाहेर राहतात. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अर्थाप्रमाणे आत किंवा बाहेर. ब्रिटिश पद्धतीत चिन्ह ज्याचे त्याच्याकडे ठेवतात. म्हणजे एखाद्याचा निव्वळ एक शब्दसमूह उद्धृत केला, तर अमेरिकन लेखक लिहील: ही कॉल्ड इट “अ मिस्टेक.” आणि ब्रिटिश लेखक लिहील: ही कॉल्ड इट ‘अ मिस्टेक’. टिंब वाक्याचे आहे, त्या शब्दसमूहाचे नाही, म्हणून बाहेर. पण कथेतल्या संवादात ‘आय अ‍ॅम टायर्ड,’ शी सेड, हे दोन्हीकडे सारखेच, स्वल्पविराम आतच. बोलणे मध्ये तोडले आणि तोडलेल्या जागी मूळ बोलण्यात स्वल्पविराम नसेल, तर काही ब्रिटिश नियमपुस्तिका तो बाहेर ठेवायला सांगतात: ‘माय फादर’, ही सेड, ‘इज इल.’ पण तोही अपवाद म्हणून, आणि कथात्म लेखनात पुष्कळ ठिकाणी तिथेही स्वल्पविराम आतच छापतात.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत आजही ज्याचा आधार घेतात ते ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ प्रथम प्रसिद्ध झाले 1906 मध्ये, आणि चिन्हाची जागा अर्थावरून ठरवावी असा आग्रह धरणारे फाउलर बंधूंचे ‘द किंग्ज इंग्लिश’ हेही 1906 मधलेच. शंभराहून अधिक वर्षे लिखित स्वरूपात उपलब्ध असलेला भेद एका ओळीच्या चुकीच्या टीपेत कोंबायचा आणि वर त्याच्या आधाराने तिसऱ्या कथेतले दोनशेच्या वर स्वल्पविराम अवतरणाबाहेर काढायचे, हे वापरणाऱ्याच्या विश्वासाशी खेळणे आहे. नुकतीच इंग्रजीत लिहू लागलेली व्यक्ती ती टीप खरी मानेल, आणि तसे लिहिलेले पान कोणत्याही ब्रिटिश संपादकाला पहिल्या नजरेत खटकेल. मी या टीपेविषयी सेवेला लिहिले. चार दिवसांनी आभाराचे उत्तर आले. टीप अजून तशीच आहे.

एका गोष्टीने मात्र मला सुखद धक्का दिला. एकच व्यक्ती सलग दोन-तीन परिच्छेद बोलत असेल तर इंग्रजीत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी अवतरण उघडतात, पण मिटवतात फक्त शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस. मधल्या परिच्छेदांचा शेवट उघडाच राहतो, म्हणजे वाचकाला कळते की बोलणारा बदललेला नाही. नवा बोलणारा म्हणजे नवा परिच्छेद हा संकेत असल्यामुळे या उघड्या शेवटाला अर्थ येतो. माझी अपेक्षा अशी होती की सेवा प्रत्येक उघड्या शेवटावर बोट ठेवेल. तिने ठेवले नाही. सहाव्या कथेत एक आजी पाच परिच्छेद बोलते, ते तिने बिनबोभाट मान्य केले. आणि चाचणी म्हणून मी दुसऱ्या परिच्छेदाच्या आरंभीचे चिन्ह काढून टाकले, तर नेमके तेवढेच मागितले. हा नियम फार जुन्या छपाईचा अवशेष आहे. आरंभीच्या छापील पुस्तकांत उद्धृत मजकुराच्या प्रत्येक ओळीपुढे, समासात, स्वल्पविरामासारखी चिन्हे लावत असत. पुढे ती ओळीओळींतून उठली आणि परिच्छेदांच्या आरंभी उरली. इंग्रजीत या चिन्हांना आजही उलटे स्वल्पविराम म्हणतात, कारण जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार, स्वल्पविरामाचाच खिळा उलटा लावून उघडणारे चिन्ह साधत असे. समासातल्या टीपेत यातले काही नाही, पण नियम तरी बरोबर दिला आहे.

संवादाच्या पोटातला संवादही ठीक तपासला जातो. “डिड शी से, ‘आय अ‍ॅम टायर्ड’?” इथे प्रश्न बाहेरच्या माणसाचा आहे, म्हणून प्रश्नचिन्ह एकेरी आणि दुहेरी चिन्हांच्या मध्ये. हे तिने मी लिहिले तसेच ठेवले, आणि मी मुद्दाम आत ढकलले तेव्हा बाहेर काढले.

मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्यांच्या दोन खास खोडी तिला दिसत नाहीत, याचे वाईट वाटते. पण ती कोणा मराठी माणसासाठी बांधलेली नाही हेही खरे. पहिली खोड ‘की’ची. आपण ‘तो म्हणाला की, “मी येतो”’ असे सहज लिहितो आणि मग इंग्रजीत ‘ही सेड दॅट, “आय विल कम.”’ असे उतरते. इंग्रजीत दॅट आले की बोलणे अप्रत्यक्ष झाले: अवतरण जाते, आयचा ही होतो, विलचा वुड होतो. अवतरण ठेवायचे तर दॅट जायला हवा. सेवेने दॅटनंतरचा स्वल्पविराम तेवढा काढला आणि बाकीचे वाक्य तसेच ठेवले, म्हणजे चूक पुसली न जाता तिच्यावर हात फिरवला गेला. दुसरी खोड जोर देण्यासाठी अवतरण वापरण्याची. ‘शी इज माय “बेस्ट” फ्रेंड’ असे लिहिले की आपल्याला वाटते मैत्रिणीचा गौरव झाला. इंग्रजी वाचक त्या चिन्हांतून ‘म्हणे’ ऐकतो, आणि मैत्रीण बिचारी नावापुरती उरते. माझ्या दुसऱ्या कथेत असे तीन शब्द होते. ते संपादिकेनेच काढले.

बाकी गोष्टी थोडक्यात. वेग चांगला आहे. दहा हजार शब्दांची कथा चहा होईपर्यंत तपासून येते. पडद्यावरची मांडणी स्वच्छ आहे, पण नाकारलेली सूचना पुढच्या तपासणीत पुन्हा उभी राहते, आणि एकदा ‘नाही’ म्हटलेले लक्षात ठेवण्याची सोय नाही, याचा फार मनस्ताप होतो. अप्रकाशित संहिता दुसऱ्याच्या यंत्रावर चढवायची असल्यामुळे सेवेच्या अटी आधी वाचाव्यात. मी वाचल्या, आणि मजकूर किती दिवस साठवतात हे त्यात स्पष्ट दिलेले आढळले.

आणि ते मोठे बटण. पहिल्याच आठवड्यात, दमलेली असताना, मी ते एकदा दाबले. चौथ्या कथेतल्या एका प्रसंगात वडील दारात उभे राहून दोन शब्द बोलतात आणि अंगणात परत जातात. मूळ लेखकाने ते दोन शब्द आणि ते परत जाणे यांच्यामध्ये पूर्णविराम ठेवला आहे. त्या टिंबातच त्या माणसाचा सगळा अबोला आहे. बटण दाबल्यावर तिथे स्वल्पविराम आला आणि वडील अंगणाशी बोलू लागले. संपादिकेने समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवले.

वर्गणीची मुदत संपत आली आहे आणि ती मी पुन्हा भरणार आहे. अमेरिकन पर्याय निवडून, दुहेरी चिन्हांतच कथा तपासायची, जोड्या आणि ‘सेड’च्या आधीचे स्वल्पविराम यांपुरत्या सूचना एकेक करून स्वीकारायच्या, आणि दुहेरीचे एकेरी अगदी शेवटी, माझ्या लेखनप्रणालीत, स्वतःच्या हाताने करायचे, असा क्रम आता बसला आहे. कृतीची वाक्ये मी छापील प्रतीवर, हातात पेन्सिल घेऊन वेगळी पाहते. आठव्या कथेत संपादिकेच्या चार खुणा आल्या. त्यांतली एक डॅशची होती, आणि तो डॅश मी सेवेचे ऐकून आत घेतला होता.